चकाकी टिकवायची तर आधी पुसा



आमचं गाव खाडीकाठचं. गटाचा पॉवर वीडर आम्ही भाड्याने देतो, त्यावरच कर्जाचा हप्ता निघतो. त्याच्या इंजिनाचं झाकण अॅल्युमिनियमचं, म्हणजे आपल्या जर्मनच्या पातेल्याचाच धातू. पावसाआधी आम्ही ते घासून आरशासारखं केलं आणि वरून क्लिअर लॅकर मारलं. गणपतीपर्यंत त्याचे पोपडे सुटले, खाली पांढरी भुकटी! गिऱ्हाईक म्हणालं, "यंत्र जुनं झालंय, भाडं कमी करा."

चूक आमचीच. पॉलिशचं मेण झाकणावर तसंच राहिलं होतं. मेणावर लॅकर धरत नाही. मग खारी, दमट हवा थराखाली शिरते आणि धातूला खाते.

आता आम्ही इंजिन थंड असताना जुना थर बारीक वॉटर पेपरने काढतो, पुन्हा पॉलिश करतो. मग फडकं स्वच्छ निघेपर्यंत थिनरने पुसतो. त्यानंतर तिथे बोटसुद्धा लावत नाही. कोरड्या दिवशी, उष्णता सोसणाऱ्या क्लिअर कोटचे दोन-तीन पातळ हात देतो. जाड हात ओघळतो. सिलिंडरवरच्या पात्यांना मात्र काही लावत नाही, त्यांनी उष्णता बाहेर टाकायची असते.

थिनर चटकन पेट घेतो. काम अंगणात, चुलीपासून लांब करा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. आणि धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला लावू नका, ते काळं पडतं.

पोपडा दिसला की लगेच काढा. झाकलेलं दुखणं वाढतंच, बायांनो!