पेंढ्यातली साखर

अलिबाग-पेणकडे भाताची उडवी पावसात भिजली, की आतला पेंढा काळवंडतो आणि त्यावर बुरशीचे पांढरे तंतू धरतात. काडी बोटांत कुस्करली जाते. बुरशीची सेल्युलेज विकरे तिथे पेंढ्यातल्या सेल्युलोजची साखर करत असतात. या कामातली पटाईत बुरशी, ट्रायकोडर्मा रीसी, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली. अमेरिकी सैन्याचे तंबू खाताना!

माडी आंबवणाऱ्या यीस्टला साखरेचे अल्कोहोल करता येते, सेल्युलोज मात्र फोडता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ बुरशीची जनुके यीस्टमध्ये घालतात. पण एका विकराने भागत नाही. एक विकर सेल्युलोजची साखळी मधेच तोडते, दुसरे टोकाकडून कुरतडते, तिसरे साखरेच्या उरलेल्या जोड्या सुट्या करते. त्यातले दुसरे यीस्टकडून भरपूर मिळवणे हीच खरी डोकेदुखी. म्हणून उद्योगांची भिस्त अजून बुरशीवरच आहे.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर २०२२ मध्ये पानिपतला पेंढ्यापासून इथेनॉलचा, म्हणजे याच अल्कोहोलचा, प्रकल्प उभा राहिला. वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी. आपल्याकडे आधी गुरांची वैरण, मग उरलेल्याचा विचार; आणि ते योग्यच.