केरसुणीची वेळ

घर एकदा नीट आवरायला घेतलं पाहिजे, हे वाक्य आपल्या घराघरांतून कानावर पडतं. या वाक्यातला 'एकदा' हा शब्द मोठा लबाड आहे. एकदा म्हणजे आज नाही. रविवारी बघू, पाहुणे यायच्या आधी बघू, नाहीतर दिवाळी आहेच. मग तो रविवार येतो आणि घरातल्या बाईची आठवड्यातली एकुलती सुट्टी केरकचऱ्यात जाते. सोमवारी घर लख्ख, बुधवारी पुन्हा जैसे थे.

मी वैशाखऱ्याचा. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याला आमचं गाव. माझ्या लहानपणी इथली बहुतेक घरं मातीची होती. काहींच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून माती-शेणाचं लिंपण, डोक्यावर कौलं. अशा घराची एक गंमत असते. ते तुमच्या सवडीची वाट बघत नाही. शेणाने सारवलेली जमीन आठ-दहा दिवसांत पोपडे धरते, कोपऱ्यांत भेगा पडतात आणि चालताना पायाला माती लागते. म्हणजे जमीनच सांगते, बाई, मला हात फिरव. सारवायचं तर आधी सामान उचलायचं, जळमटं काढायची, केर लोटायचा, मगच शेणकाला. पावसाळ्यात सारवलेलं वाळत नाही, म्हणून तेव्हा नुसत्या केरसुणीवर भागवायचं. पुढे भात कापणीला आलं की अंगणात खळं सारवायचं, त्याच्या जोडीने घरही. घराचं पंचांग असं जमिनीने आणि पावसाने ठरवलेलं असायचं.

दिवसाचंही वेळापत्रक होतं. शेजारच्या घरांत तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी केर निघायचा. दिवा लागल्यावर झाडायचं नाही, लक्ष्मी जाते. या समजुतीमागचं व्यवहारी कारण जाणती माणसं सांगतात, की रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात नाकातली चमकी केराबरोबर उकिरड्यावर गेली तर कुणाला दिसणार? मला मात्र त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. दिवेलागण ही केराची शेवटची मुदत होती, आणि मुदत असली की काम होतं. आमच्या घरी जुमेरातीच्या संध्याकाळी आई लोबानाचा धूर खोल्याखोल्यांतून फिरवायची, आणि घर लोटल्याशिवाय लोबान पेटायचा नाही. वजूचंही तसंच आहे. पाच वेळा हातपाय धुवायचे हे कुणी डायरीत लिहून ठेवत नाही. नमाजाची वेळ झाली की पाय आपोआप पाण्याकडे वळतात.

आता गावातही सिमेंटची घरं झाली आणि जमिनीवर टाइल्स आल्या. चांगलंच झालं. शेणात हात घालून कंबर मोडणाऱ्या बायकांना विचारा, सारवणाच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक पुरुषच असतात. पण टाइल्स बोलत नाहीत. आठ दिवस पुसल्या नाहीत तरी भेगा पडत नाहीत. विजेचा दिवा रात्री बारालाही लागतो, त्यामुळे तिन्हीसांजेची मुदतही गेली. घराने आठवण करून देणं थांबवलं. ते काम आता आपलं आपल्याला करायचं आहे.

रोज म्हणजे रोज, हे ज्या माणसाने आयुष्यभर करून दाखवलं ते गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडायला लागायचा. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, हा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत. त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकासमंत्री होते. गावागावांत चुरस लागली आणि लोक खराटे घेऊन रस्त्यावर उतरले. अभियानाने पुष्कळ केलं, हे मान्यच करायला हवं. पण स्पर्धेला तारीख असते, तपासणीला समिती असते. घरात समिती येत नाही. बाबांची तरी कुठली समिती होती? गावात पाऊल पडणं हीच त्यांची झाडायची वेळ.

याला जुळणारा एक अभ्यास आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे नजर ठेवली. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची, जसं दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस पुरतात, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत जातो. मधला आकडा ६६. म्हणजे २१ दिवसांत सवय लावून देणाऱ्यांवर फार भिस्त ठेवू नका. एखादा दिवस चुकला म्हणून सगळं मुसळ केरात जात नाही, हेही त्यात दिसलं. आमच्या आईने लोबानाने केलं ते हेच.

तेव्हा नव्या घरात नव्या खुंट्या शोधायच्या. चहाचं आधण ठेवलं की उतू जाऊ नये म्हणून आपण तिथे उभेच असतो. तेवढ्यात ओटा पुसून होतो, फक्त फडकं हाताशी हवं. ते दुसऱ्या खोलीत वाळत असेल तर ओटा राहिलाच म्हणून समजा. आंघोळ करून बाहेर पडताना न्हाणीच्या फरशीवर ब्रश फिरवला तर शेवाळ धरत नाही आणि अ‍ॅसिडची बाटली आणावी लागत नाही. (आणलीच, तर ती ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नका. क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.) जळमटं, फळ्या, पंखा यांना रोज हात लावायची गरज नाही. आठवड्याच्या एकेका वारी एकेक कोपरा घ्यायचा. फक्त वरून खाली यायचं. आधी फरशी पुसून मग पंखा झाडणाऱ्याला तीच फरशी दोनदा पुसावी लागते.

आणि हे सगळं कुणी करायचं? २०१९ मध्ये देशभर झालेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, असं आढळलं. पुरुषांची ९७ मिनिटं, आणि तीही शंभरातल्या जेमतेम २६ पुरुषांची. बाकीच्या ७४ जणांनी घरकामाला हातच लावला नव्हता. आमच्याकडच्या सुना मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करून येतात आणि दारातली केरसुणी त्यांचीच वाट बघत उभी असते. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहणारा हात दुसऱ्या दिवशी तिला उचलत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याच्या शाळेच्या दप्तराला एक काम जोडून द्या. दप्तर खांद्याला लावण्याआधी अंथरुणाची घडी आणि आपल्या खोलीचा केर. पाच मिनिटांचं काम आहे. त्याची बहीण ते आधीपासून करतच असेल.

आता मृग तोंडावर आला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना अंगणातून घरात येणारा चिखल ठाऊक आहे. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली, तांब्या आणि पाय पुसायला जुनं गोणपाट ठेवा. गोणपाट दर दोन दिवसांनी बदला आणि ओलं असेल तर पडवीत आडव्या काठीवर टाका. फरशी पुसायचं निम्मं काम तिथेच दाराबाहेर राहतं.