सातबारा आणि आधार : एकच माणूस, दोन नोंदी



कार्यक्रमपत्रिकेत विषय जरा भारदस्त छापला गेला आहे : ‘जोडलेल्या माहितीसाठ्यांतील विसंगती’. तो मी एकाच उदाहरणाने मांडणार आहे. उदाहरण सातबाऱ्याचं, म्हणजे इथल्या निम्म्या लोकांच्या घरातलंच.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातात हक्क, बारात पिकं. त्याच्या जोडीला खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवणारा आठ-अ, जमिनीचं मूळ क्षेत्र सांगणारा आकारबंद आणि हक्कातला प्रत्येक बदल क्रमाने टिपणारी नमुना सहाची फेरफार नोंदवही. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून तलाठ्याच्या दप्तरात अशा एकमेकींत गुंतलेल्या वह्या होत्या, आणि त्या एकमेकींशी भांडतही होत्या. गटातल्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज करावी, तर ती आकारबंदाशी जुळेलच याची खात्री नसे. कधी कारण निव्वळ हिशेबाचं असतं. एक एकर म्हणजे 40 गुंठे, पण 40.47 आर. गुंठा आणि आर एकच धरून कुणी 40 आर लिहिले, की एकरामागे सुमारे 47 चौरस मीटर कागदावरून गेले. जमीन जागच्या जागी! वहीत हे वर्षानुवर्षं खपून जायचं. संगणक बेरीज करतो आणि अडून बसतो.

क्षेत्राचा घोळ मोजणीने तरी सुटतो. नावाचा घोळ जास्त चिवट असतो. आता शेतकऱ्याला ओळख क्रमांक देताना सातबारा आधारशी जोडला जातो. ‘बाबूराव’ आणि ‘बाबुराव’ हा फरक यंत्राला शिकवता येतो, ते सोपं काम. पण जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे थोरल्या भावाचं एक नाव साऱ्या भावांच्या वतीने उभं आहे. आधारमध्ये तेच नाव एकट्या माणसाचं. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत, कारण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. यंत्राने ‘नाव जुळलं’ म्हणून हिरवी खूण केली, तर धाकटे भाऊ त्या खुणेखाली गाडले जातात. न जुळण्यापेक्षा हे जुळणं जास्त घातक, असं माझं मत आहे.

मग करायचं काय? संगणकवाल्यांचा पहिला मोह असतो, एक साठा प्रमाण मानून दुसऱ्यावर फिरवून टाकण्याचा. त्याऐवजी प्रत्येक रकान्याचा धनी वेगळा ठरवावा. जन्मतारखेसाठी सातबाऱ्याला विचारू नये आणि हिश्शासाठी आधारला. आणि जिथे धनी ठरत नाही, तिथे दोन्ही नोंदी राहू द्याव्यात, वादासकट.

ही काही परदेशातून आणलेली युक्ती नाही. जुना हस्तलिखित सातबारा पाहा. गेलेल्या खातेदाराचं नाव खोडत नसत, कंसात टाकत. नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक, म्हणजे हा बदल कशावरून झाला त्याचा माग. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे फेरफार लिहिला की हितसंबंधितांना नोटीस, हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे सहा-अमध्ये नोंद, आणि निकालानंतरच प्रमाणीकरण. नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच, हेही कलम 157 सांगतं. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम 155 वेगळं आहे. त्या सोयीच्या दाराने हक्कच बदलून टाकण्याचे प्रकार होतात, तो भाग निराळा.

साठे जोडताना यातलं नेमकं सहा-अच गळून पडतं. माहेरच्या वाटणीत मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव वडिलांच्या आडनावाने, आधारवर सासरच्या. पडद्यावर उमटतं, ‘नाव जुळत नाही’, आणि अर्ज परत. हरकत कुणाची, ती ऐकणार कोण, निकाल कुठे लिहिला जाणार, काहीच ठरलेलं नाही. ती बाई विवाहाचा दाखला घेऊन एकदा एका खात्यात जाते, मग दुसऱ्या खात्यात तोच दाखला पुन्हा. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, अमुक पुराव्यावरून, अमुक अधिकाऱ्याने, अमुक तारखेला मान्य केली, एवढी एक नोंद जोडणीतच ठेवली, तर तिसऱ्या खात्याला तिच्याकडे दाखला मागायचं कारणच उरत नाही. आणि उद्या ती नोंद चुकीची निघाली, तर कुणाच्या सहीपासून मागे जायचं हेही कळतं.