चुन्याची ताकद



जुना वाडा दुरुस्तीला काढला की पहिला प्रश्न ठरलेला: चुना कच्चा, सिमेंट पक्के, मग चुन्याच्या नादी लागावेच कशाला? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

महिनाभर मुरलेला चुन्याच्या मसाल्याचा ठोकळा दर चौरस सेंटिमीटरला 5 ते 10 किलोच भार सोसतो. सिमेंटचा चांगला मसाला त्याच्या दसपट. आकडा खरा आहे. पण भिंत म्हणजे ठोकळा नव्हे. 10 मीटर उंच विटांच्या भिंतीचे स्वतःचे वजन पायथ्याशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलोच पडते. शिवाय सांध्यातला थर पातळ, वरखाली विटांच्या पकडीत असतो. म्हणून तो सुट्या ठोकळ्याहून अधिक सोसतो. मसाला दसपट बळकट केला, तरी भिंतीचे बळ साधारण दुप्पटच होते.

भट्टीत सुमारे 900 अंशांवर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूसह घाणीत मळून भिंतीत घातला, की हवेतला तोच वायू परत घेत तो पुन्हा चुनखडी होऊ लागतो. जाड भिंतीच्या पोटापर्यंत हे पोचण्यास वर्षे लागतात. म्हणूनच जुने गवंडी सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, मिसळीत. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो.

आता आमचीच चूक सांगतो. घरच्या जुन्या भिंतीच्या दरजा आम्ही हौसेने सिमेंटने भरून घेतल्या. चार पावसाळ्यांत लोणा चढला, विटांचे पापुद्रे सुटले; सिमेंट मात्र शाबूत! ओल पूर्वी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडे. आम्ही ती वाट बुजवली. मग पाणी विटेतून निघू लागले आणि क्षार तिच्या तोंडाशी साचले. झिजायचे ते सांध्याने झिजावे. दरज पुन्हा भरता येते, वीट पुन्हा भाजता येत नाही.

चुन्याला दोष नाहीत असे नव्हे. तो घाई सोसत नाही, आणि भूकंपाच्या आडव्या हिसक्यापुढे दुबळा पडतो. नव्या उंच इमारतीला सिमेंट खुशाल वापरावे. पण वाडवडिलांची भिंत दुरुस्त करताना गवंड्याला आधी एवढे विचारा: मूळ मसाला कोणता?