दस्तरखानावरील जागा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात एका अंध शिक्षिकेने केलेले भाषण)



अंध मुलांच्या शिक्षणाविषयी मी चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली. ब्रेल लिपी, लेखनिक, बोलणारा संगणक यांविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आज मी जेवणाविषयी बोलणार आहे. शाळेच्या समारंभात हा विषय कोठून आला, असे आपणांस वाटेल. परंतु माझ्या ओळखीची काही अंध मुले पदवीधर झाली, तरीही चारचौघांत जेवायची वेळ आली की ‘मला भूक नाही’ म्हणून बाजूला होतात. अन्न सांडेल, लोक पाहतील, कोणी हसेल, ही धास्ती. ओळखी होतात त्या जेवताना. कामाच्या गोष्टी निघतात त्याही जेवताना. तेथून जो उठून गेला तो पुष्कळ गोष्टींपासून उठून गेला.

ही धास्ती जन्माबरोबर येत नाही, ती घरात तयार होते, आणि बहुधा प्रेमापोटी तयार होते. मी जन्मांध आहे. लग्नसमारंभात मला आतल्या खोलीत वेगळे ताट मिळे. ‘गर्दीत बिचारीला त्रास नको’ असे सगळ्या खाला म्हणत. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण बाहेर माझ्या बहिणी हसतखिदळत जेवत आहेत आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले आहे, यातून मी काय शिकले असेन? माझी जागा बाहेर नाही, एवढेच. हा धडा पुसून टाकला माझ्या दादीने. ती अक्षरशत्रू होती. पण रोज मला आपल्या शेजारी दस्तरखानावर बसवी आणि भरवायला सक्त मनाई करी. ‘सांडू दे, दस्तरखान धुता येतो,’ हे तिचे उत्तर ठरलेले असे.

हेलन केलर हे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ती आंधळी आणि बहिरी होती. ॲन सुलिव्हन या शिक्षिका मार्च १८८७ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात तिच्या घरी आल्या, तेव्हा हेलन सात वर्षांचीही नव्हती. ती टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या ताटात हात घाली आणि हवे ते उचली. घरचे दयेपोटी काही बोलत नसत. बाईंनी एके दिवशी न्याहारीच्या वेळी सर्वांना बाहेर काढले, दाराला कुलूप लावले, आणि हेलनला स्वतःच्या बशीतून चमच्याने खायला आणि रुमालाची घडी करायला लावले. दोघींची बराच वेळ झटापट झाली. पाण्याच्या पंपाजवळ हेलनला ‘पाणी’ हा शब्द उमगला तो ५ एप्रिलला. म्हणजे आधी चमचा आला, मग शब्द आला. पुढे १९०४ साली ती पदवीधर झाली. पालकांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. जेवायला बसल्यावर अंध व्यक्तीने आधी ताटाची कड दोन्ही हातांनी हलकेच पाहावी. पेला शोधताना हात हवेतून नेऊ नये. बोटे किंचित आत वळवून हात टेबलावरून सरपटत न्यावा, म्हणजे पेला बोटांच्या पाठीला लागतो आणि कलंडत नाही. पाणी प्याल्यावर तो पुन्हा त्याच जागी ठेवावा. स्वतःच्या पेल्यात पाणी ओतताना एक बोट काठावरून किंचित आत सोडावे. पाणी बोटाला लागले की थांबावे. पाहुण्यांचा पेला असेल तर बोट घालू नये. भरत जाणाऱ्या पेल्याचा आवाज बदलतो आणि वजन वाढते, त्यावरून अंदाज येतो.

ताटातील पदार्थांसाठी घड्याळाची पद्धत सर्वांत सोयीची. ताट म्हणजे घड्याळ. आपल्या पुढ्यातली कड म्हणजे सहा. ‘भात सहावर, सालन बारावर, कोशिंबीर नऊवर, लिंबू तीनवर’ एवढे कोणी सांगितले की झाले. लहान मुलाला घड्याळ कळत नसेल तर ‘तुझ्याजवळ’, ‘पलीकडे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे सांगावे.

हाताने जेवणे ही आपली मोठी सोय आहे. घास गरम आहे का, मटणात हाड आहे का, माशात काटा आहे का, हे बोटांना तोंडाआधी कळते. तरीही काटे-चमचे आलेच पाहिजेत, कारण वसतिगृह, कार्यालय, परगाव येथे आपल्या सोयीची पंगत मिळेलच असे नाही. चमचा कडेकडून मधे न्यावा, म्हणजे पदार्थ ताटाबाहेर जात नाही. डाव्या हातात पोळीचा किंवा पावाचा तुकडा धरून त्याच्या आधाराने भात चमच्यावर लोटावा. चमचा भरला की रिकामा आला, हे त्याच्या वजनावरून कळते. सवयीने हाताला तो तोल ओळखू येतो. सुरीने कापताना काट्याने आधी तुकड्याची कड शोधावी, कडेपासून थोडे आत काटा रोवावा आणि त्याच्या लगत सुरी चालवावी, म्हणजे घास बेताचा निघतो. पसरट बशीपेक्षा खोलगट वाडगे मागून घेण्यात कमीपणा नाही.

डोळसांसाठीही थोडे सांगते. ‘ते तिथे आहे’ या वाक्याचा आम्हांला उपयोग नसतो. ‘तुमच्या उजव्या हाताला’ म्हणा. गरम चहा हातात कोंबू नका. टेबलावर ठेवा आणि कान कोणत्या बाजूला आहे ते सांगा. न विचारता ताटात वाढू नका, न सांगता पेला हलवू नका. उठून जाताना ‘मी जाते’ असे म्हणा, नाहीतर आम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. आणि माझ्या शेजारणीला ‘यांना भात हवा का?’ असे विचारू नका. मला विचारा. माझे कान शाबूत आहेत.

आपल्या घरांत या विषयाचा आधार शोधायला दूर जावे लागत नाही. कुरआन शरीफच्या सूरह नूरमधील ६१ व्या आयतीत अंध, पंगू आणि आजारी यांचा उल्लेख आहे आणि त्याच आयतीत आप्तांच्या घरी, एकत्र किंवा वेगवेगळे जेवण्याची मोकळीक दिलेली आहे. भाष्यकार सांगतात की, अंधाला चांगला घास कोठे आहे ते दिसत नाही, आपल्याकडून त्याच्या वाट्यावर अन्याय होईल, या भीतीने काही लोक त्याच्याबरोबर जेवायला संकोचत. तो संकोच दूर करण्यात आला. अंधाला पंगतीबाहेर ठेवणे हे उपाय म्हणून सांगितलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी मदिनेत अजान देत असत. त्या समाजात अंधाची जागा आतल्या खोलीत नव्हती.

कायद्यानेही दार उघडले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. पण नोकरीचा हुकूम हाती आल्यावर दुपारच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर डबा उघडण्याचे धैर्य कोणता कायदा देणार? ते घरीच द्यावे लागते, आणि ते पाचव्या-सहाव्या वर्षी द्यावे लागते. मुलींच्या बाबतीत तर अधिकच. अंध मुलीला चूल, चहा, पाणी यांपासून दूर ठेवले जाते आणि मग ‘हिला काही येत नाही’ असेही म्हटले जाते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आपल्या घरी, शेजारी, नात्यात अंध मूल असेल तर उद्यापासून त्याला सर्वांबरोबर बसवा. ताटात काय कोठे आहे ते एकदा सांगा आणि हात मागे घ्या. सांडेल. महिनाभर सांडेल. मग कमी होईल. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात असा सोबती असेल तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा घेऊन बसा. दया म्हणून बसू नका. गप्पा मारायला बसा.

 समारंभानंतर अल्पोपाहार आहे असे समजते. मी आपणा सर्वांबरोबरच बसणार आहे. खुदा हाफिज.