न गोठणाऱ्या गावातलं बूच

बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना मी गोठण्यावर बोलणार आहे, तेव्हा पंख्यापासून लांब बसलेल्यांनी राग मानू नये. इंजिनात पाणी कसं फिरतं, रेडिएटर काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते सोडून देऊ. माझा हेका एकच आहे : वस्तूला नाव चुकीचं पडलं की दुरुस्तीही चुकते. पुरावा म्हणून जुन्या पद्मिनी-अँबॅसडरच्या ब्लॉकमध्ये ठोकलेली पत्र्याची गोल टोपणं घ्या. इंग्रजीत त्यांना फ्रीझ प्लग म्हणतात. समजूत अशी, की पाणी गोठून फुगलं की टोपण उडतं आणि ब्लॉक वाचतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, हे खरं. पण पुण्याचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, तोही १७ जानेवारी १९३५चा. मग कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीला ही टोपणं कशाला?

उत्तर ओतशाळेत आहे. ब्लॉक ओताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात. तो अधांतरी राहत नाही. त्याला बाजूंनी आधार लागतो, आणि लोखंड थिजल्यावर आधाराच्या जागी भोकं उरतात. त्यांतूनच आतली वाळू झाडून काढतात आणि मग ती बुजवतात. थोडक्यात, ही ब्लॉकची बेंबी. (हशा) हसा, पण फ्रीझ प्लगपेक्षा हे नाव खरं आहे! कुणी म्हणेल, लडाखच्या थंडीत टोपणं उडतात त्याचं काय? उडतात कधीकधी. कधी टोपण जागच्या जागी राहतं आणि ब्लॉकच तडकतो. ज्याचा भरवसा नाही, तो योगायोग. त्याला योजना कसं म्हणायचं?

नुकसान होतं ते इथे. नाव ऐकून मालक म्हणतो, आपल्याकडे बर्फ नाही, तर कूलंट कशाला? आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यंही असतात, हे त्या नावामागे झाकलं जातं. टोपण बाहेरून रंग लावलेलं, धडधाकट दिसतं. आतून पोलादी पत्रा पापडासारखा झालेला असतो. एक दिवस टाचणीएवढं भोक पडतं आणि खाली तांबूस ओघळ दिसतो. त्यावर बाहेरून लेप थापण्यात अर्थ नाही. पाणी काढून टाका, टोपणाच्या कडेवर पंच ठेवून ठोका म्हणजे ते भोकातच आडवं फिरतं, आणि मग पकडीनं ओढून घ्या. बेतानं ठोका, नाहीतर ते आत पडतं. बैठक पॉलिश पेपरनं साफ करा, नवं टोपण भोक मोजून घ्या आणि शक्यतो पितळेचं घ्या. त्याला गंज नाही.

आता बारसं. वेल्श प्लग हे नाव मिशिगनमध्ये मोटारी बनवणाऱ्या वेल्श बंधूंवरून आलं. मान त्यांचा, अर्थ शून्य. गॅरेजात म्हणतात डमी, म्हणजे खोटं; आणि खोट्याकडे लक्ष कोण देतो? मी सुचवतो, गाभ्याचं बूच. बूच हा शब्द पुणेकराला परका नाही. पावसाळा सरला की रस्त्यावर लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ना, ते बुचाचं झाड. मूळचं ब्रह्मदेशाकडचं, त्याच्या सालीची हलक्या प्रतीची बुचं करत. खऱ्या बुचाचं झाड वेगळंच, भूमध्य समुद्राकाठचा ओक. म्हणजे आपलं बुचाचं झाडसुद्धा डमीच! पण वास असा, की मिटल्या डोळ्यांनी गल्ली ओळखावी, आणि ती फुलं एकात एक ओवून, दोरा न लावता, मुली जी वेणी करतात... अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

आक्षेप उरतो : नाना पेठेतल्या दुकानदाराला हे नाव कळेल का? नाही कळणार. तिथे खुशाल डमीच मागा, फक्त मिलिमीटरमध्ये माप सांगा. पण गाडीच्या वहीत गाभ्याचं बूच लिहा, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला थंडी न आठवता गंज आठवेल. आणि राहिलंच : काही इंजिनांत एक बूच मागे, फ्लायव्हीलच्या आड असतं. त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावी लागते. तेव्हा क्लचप्लेटच्या कामाला ती खाली आली, की ते बूच त्याच वेळी... बरं, बसतो.