पाळणाघराची खोली आणि शहराचा नकाशा
(लखनौ येथे महिला कामगारांच्या सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आज पगारवाढीवर बोलणार नाही. एका खोलीबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या काही भगिनींनी आलमबागच्या बाजूला एका राहत्या घरात पाळणाघर सुरू केले. मुले वाढली, जागा पुरेना. आम्ही वर्गणी काढली आणि मागच्या अंगणात एक खोली चढवली. नकाशा मंजूर करून घेतला नाही. पाळणाघरासारख्या कामाला कोण अडवणार, असे आम्हाला वाटले. शेजाऱ्याने तक्रार केली, नोटीस आली, आणि तीन महिने पाळणाघर बंद राहिले. एक भगिनी रात्रपाळीला मूल घेऊन यायची आणि कचेरीतल्या टेबलाखाली चादर टाकून त्याला झोपवायची. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. चूक शेजाऱ्याची नव्हती, आमची होती.

मी मॅट्रिक झालेला माणूस; पण त्या नोटिशीने मला कायदा वाचायला लावला. त्यातले तुमच्या कामाचे तेवढे सांगतो.

पाळणाघर ही कोणाची मेहेरबानी नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात ते होते, पण मोजणी फक्त स्त्रियांची होती. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. त्यात स्त्री-पुरुष सगळे मोजायचे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

पण पाळणाघराचा हक्क वेगळा आणि जागेची परवानगी वेगळी. इथे उत्तर प्रदेशात 1973 चा नगर नियोजन व विकास कायदा आहे. राहत्या भागात इमारत वाढवायची किंवा तिचा वापर बदलायचा, तर विकास प्राधिकरणाची परवानगी लागते. 2025 च्या नव्या उपविधींनी एक दार उघडले: राहत्या घराच्या चौथ्या हिश्शापर्यंत नर्सरी किंवा पाळणाघर चालवता येते. लहान पाळणाघराला हा मोठा दिलासा आहे. पण चौथ्या हिश्शाच्या पुढे गेलात, किंवा नवी खोली बांधलीत, की पुन्हा परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

काही जण म्हणतात, हे नियमच मोडून काढा. मला ते पटत नाही. डिसेंबर 2011 मध्ये नोएडाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने राहत्या भागातल्या घरांत बँका आणि नर्सिंग होम चालवणे नियमबाह्य ठरवले. तो नियम तुमच्या-आमच्या चाळीचेही रक्षण करतो. शेजारचा म्हातारा दुपारी झोपतो, गल्लीत गाडी वळत नाही. त्याचेही ऐकले पाहिजे.

तेव्हा करायचे काय? रेल्वेच्या साथींनी आधी प्रशासनाकडे जागा मागावी. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 11 रेल्वेच्या कामासाठी इमारती उभारण्याचा अधिकार प्रशासनाला देते, इतर कायद्यांत काहीही असले तरी. म्हणून वर्कशॉपच्या आवारातल्या पाळणाघराबाबत 'शहराची परवानगी नाही' असे सांगून त्यांना हात वर करता येणार नाहीत.

टपालातल्या भगिनींची अडचण मोठी. पोस्ट ऑफिसे लहान, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत विखुरलेली. त्यांना शेजारचे घरच बघावे लागेल. त्यांनी वीट रचण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. घरमालकाची लेखी संमती घ्यावी. शेजाऱ्यांना बोलावून मुलांची संख्या, वेळ आणि गाड्या कुठे थांबतील ते सांगावे, आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. मग मोजमापासह अर्ज करून पोच घ्यावी. नोटीस आलीच तर ती फाइलमध्ये दडपू नका. मुदतीत उत्तर द्या. पाडण्याचा हुकूम झाला, तर कलम 27 प्रमाणे 30 दिवसांत प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

आमच्या त्या पाळणाघराला आता पुन्हा एक खोली हवी आहे. या वेळी अर्ज आधी जाईल. तक्रार करणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, म्हणाले, "दुपारी दोन ते चार गोंगाट नको." मी कबूल केले. त्यांची सही अर्जावर पहिली आहे.

टेबलाखाली झोपलेले ते मूल लक्षात ठेवा, आणि प्रत्येक शाखेने या महिन्यात पाळणाघराच्या जागेचा ठराव करून पाठवावा, एवढीच विनंती.